सरळ दातांचे चाक

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

मी, सुमंत विश्वनाथ हरकरे, वय छप्पन्न, बी.कॉम., एका खासगी कंपनीत लेखा विभागाचा प्रमुख, राहणार धंतोली, नागपूर. वडिलांच्या मोटारीचे इंजिन काल संध्याकाळी बंद पडले. ते दुरुस्त होईपर्यंतची नोंद राहावी एवढ्याच हेतूने ही वही सुरू करत आहे. काम पूर्ण झाले की खाली सही करून वही मिटेन. दुसरे काही इथे लिहायचे नाही.

गाडी १९५१ची, सहा सिलिंडरची, अमेरिकन. रंग काळा, म्हणून घरात तिचे नाव काळी. आबा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर होते. सावनेर, नरखेड, मधली खेडी – सगळीकडे ते याच गाडीने रुग्ण पाहायला जात. त्यांना जाऊन पंधरा वर्षे झाली. गाडी मी चालू ठेवली आहे.

काल परत येताना वळणावर इंजिनात खडखड झाली, मग एक तडाखा, मग काहीच नाही. चौघांनी ढकलत फाटकाच्या आत आणली.

आई जेवली नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

कालचे शेवटचे वाक्य दुरुस्तीच्या नोंदीत कसे आले? खोडणार होतो. खोडत नाही. खुलासा करतो.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने दृष्टी गेली. स्मृती गेल्या दोन वर्षांत गेली. कान मात्र शाबूत. आबा अजून रुग्ण पाहायला बाहेर गेले आहेत असे ती धरून चालते. ते घरी आल्याशिवाय रात्रीचे जेवण नाही – हा तिचा लग्नापासूनचा नेम, आणि सगळे विसरली तरी तेवढा नेम उरला. मला ती ओळखत नाही. मी तिला आबांचा कंपाउंडर वाटतो!

मागच्या वर्षी ताट समोर ठेवून तासन् तास बसायची. एका रविवारी मी काळीतून फेरफटका मारून परत येत होतो, तर आत आई ताठ बसली आणि म्हणाली, “आले. पानं घ्या.” दोन पोळ्या खाल्ल्या. त्या दिवसापासून रोज ऑफिसातून आलो की कपडेही न बदलता काळी बाहेर काढायची, रामदासपेठेपर्यंत जायचे, परत यायचे. आवाज ऐकला की ती जेवते. ताटावर बसल्यावर आबांची चौकशी करत नाही. ते आले, एवढे पुरते.

आता गाडी बंद आहे. मुद्दा इतकाच.

बुधवार, २० नोव्हेंबर

श्रावण धकाते येऊन इंजिनाचा पुढचा भाग उघडून गेला. त्याचे गॅरेज इतवारीच्या अलीकडे. घराणे विणकरांचे, वडिलांचे माग विकले गेले तेव्हा हा इंजिनांकडे वळला. माझ्याच वयाचा. तोंड सतत चालू.

“साहेब, म्हातारीचे दातच पडले ना जी! कवळी बसवा लागते.”

टायमिंगची दोन चाके असतात – खाली लहान, वर मोठे, एकमेकांत दात अडकवून फिरणारी. मोठ्याचे पाच-सहा दात सपाट झाले आहेत. ही चाके कंपनीची नव्हेत. मी चार वर्षांचा असताना नरखेडच्या रस्त्यावर मूळ चाक फुटले. मूळ चाक फायबरचे, तिरक्या दातांचे. ते मिळेना. तेव्हा सावनेरच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये आबांनी लोखंडाची जोडी कापून घेतली. तिरके दात कापायचे यंत्र तिथे नव्हते, म्हणून सरळ कापले. गाडी चालली, पण तेव्हापासून तिला शीळ लागली. लांबट, बारीक, वेगाबरोबर चढणारी. चौकातच ऐकू यायची. आबा हसत म्हणायचे, “आता हॉर्नचं काम राहिलं नाही.” आणि आई तवा ठेवायची.

श्रावण म्हणाला, “नमुना हातात हाय. हिंगण्याच्या वर्कशॉपातून असंच दुसरं कटवून घेऊ. आठ दिवसांत काम फत्ते.”

मी नाही म्हटले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

नकाराचे कारण लिहून ठेवतो. गाडीच्या कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट आहे: तिरके दात, फायबर. सावनेरची जोडी म्हणजे एका अडचणीच्या दिवशी केलेली तडजोड. ती पन्नास वर्षे चालली म्हणून बरोबर ठरत नाही. इंजिन उघडलेच आहे तर ते एकदाचे नीट व्हावे. आबांनाही हेच आवडले असते – परिस्थितीमुळे त्यांना जमले नाही, इतकेच.

मूळ मापाबरहुकूम नवी जोडी अमेरिकेत अजून बनते. पुण्याचे एक जुन्या गाड्यांचे संग्राहक आहेत, ते मागवून देतात. नमुना क्रमांक तीनदा तपासून कळवला.

आईने आज दूध घेतले. पोळी नाही.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

गॅरेजमध्ये गेलो. जुनी चाके बाकावर पडली होती. श्रावणला म्हटले, दोन्ही कापा.

“कापू काहून? भंगारात तसंच जाते ना साहेब.”

म्हटले, रद्द झालेली वस्तू रद्दच दिसली पाहिजे. आमच्या विभागात रद्द चेकचा सहीचा कोपरा कापतात, म्हणजे तो चुकूनही पुन्हा चालायला नको. हेही तसेच. माझ्यासमोर कापा.

“तुमी लयच कडक हा बाप्पा!” मोठे चाक त्याने आरीने दुभागले. लहान्याला हात घातला तर पाते तुटले. “याले उद्या पाहतो.” मोठ्याचे दोन्ही तुकडे भंगाराच्या पिंपात गेले. मी खात्री करून निघालो.

रविवार, १ डिसेंबर

जोडी अमेरिकेतून निघाल्याचा निरोप. आई भात चिवडते, टाकून देते.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पुतणी ऋतुजा हिच्या मोबाईलमध्ये काळीचे चित्रण होते, मागच्या दिवाळीचे. तिने ते आईच्या उशाशी लावले. शीळ व्यवस्थित ऐकू येत होती. मी श्वास रोखून उभा!

आई म्हणाली, “रेडिओ बंद कर गं. त्यांची गाडी ऐकू नाही यायची.”

ऋतुजा हसता हसता बाहेर गेली आणि ओट्यापाशी जाऊन रडली.

गुरुवार, १२ डिसेंबर

आज उत्तरा आईला खोटे बोलली. उत्तरा माझी पत्नी. म्हणाली, “आई, निरोप आलाय. बाळंतपण अडलंय, आज मुक्काम नरखेडलाच. तुम्ही जेवून घ्या म्हणालेत.” आईने विचार केला आणि चार घास वरणभात खाल्ला. मग म्हणाली, “स्वेटर नेलाय का त्यांनी?” उत्तरा म्हणाली, नेलाय.

मला ते रुचले नाही, तसे तिला सांगितले. ती म्हणाली, “आणि रोज संध्याकाळी तुम्ही गाडी घेऊन जाता ते काय असतं?”

मी कधी काही बोललेलो नाही, फक्त गाडी चालवली आहे. हा फरक मला तरी स्पष्ट आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

नरखेडचा निरोप आता चालत नाही. “इतके दिवस बाळंतपण?” – आईने विचारले. डॉक्टरची बायको आहे ती!

शनिवार, २१ डिसेंबर

पार्सल कस्टममध्ये अडकले आहे. दोन पत्रे, चार फोन. “प्रक्रिया सुरू आहे.” हे वाक्य मी स्वतः लोकांना किती वेळा ऐकवले असेल!

दिवसभर आईपाशी मनकर्णा असते, सावनेरकडची बाई, तोंडाने फटकळ, हाताने मऊ. आज ती आईला भरवताना ऐकले: “आजी, काहून हट्ट करून राहिल्या जी? तुमचे डॉक्टर आले नं तुमाले असं वाळलेलं पाहून मलेच रागावतीन.”

आई म्हणाली, “ते नाही रागावत कोणाला.” तोंड मिटून घेतले.

बांगडी आता कोपरापर्यंत सरकते.

सोमवार, ३० डिसेंबर

जोडी आली. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून उघडली. किती सुंदर वस्तू! मधाच्या रंगाचे फायबर, दात इतके एकसारखे की बोट फिरवले तर कुठे अडत नाही. नमुना क्रमांक बरोबर. आबांना दाखवायला हवी होती.

उत्तरा मागून आलेली कळली नाही, आणि मी वळलो तर तीच दचकली. “तुम्ही इथे? मला वाटलं अजून ऑफिसातच. मांजरासारखे येता, कळत नाही.” चाक पाहिले. “हे लावलं की जेवतील ना त्या?”

हो, म्हटले.

रविवार, ५ जानेवारी २०२५

गाडी झाली.

श्रावणने इंजिन सुरू केले, वरच्या झाकणावर रुपयाचे नाणे उभे केले. नाणे उभेच! “पाहा साहेब, रुपया हलून नाही राहिला! या वयात असं तं आमचं शरीरही नाही राहत.” मलाही फार समाधान वाटले. झाडून सगळे इंजिन मूळ मापावर. त्याचा हात हातात घेतला, असे मी सहसा करत नाही.

दिवे लागायच्या वेळी गाडी घेऊन निघालो. रामदासपेठ, परत. चौक, वळण, फाटक. काळी इतकी गुळगुळीत चालली होती की फाटकाची कडी वाजली तेवढीच.

आत गेलो. आई खिडकीकडे तोंड करून बसलेली. ताट झाकलेले.

“कंपाउंडर, आले का डॉक्टर?”

म्हटले, आई, गाडी आली ना.

“कुठं? मी केव्हाची कान लावून बसले आहे.”

तेव्हा कळले. तोपर्यंत – शपथेवर लिहितो – हे एकदाही माझ्या डोक्यात आले नव्हते. शीळ म्हणजे दोष, दोष गेला, इतकाच हिशेब मी धरला होता.

मी आणि मनकर्णाने तिला उचलून व्हरांड्यात आणले. इंजिन सुरू केले. तिचा हात बॉनेटवर ठेवला. तिने हात फिरवला, एखाद्या अनोळखी मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

“चांगली आहे हो. कोणाची?”

आपली, म्हटले.

“आपली वाजते. ज्याची त्याला नेऊन द्या. दुसऱ्याची गाडी दारात बरी नाही, ते आले तर लावतील कुठं?”

सोमवार, ६ जानेवारी

ऑफिसला गेलो नाही. प्रथमच.

मंगळवार, ७ जानेवारी

श्रावणकडे गेलो. म्हटले, जुनी चाके हवीत. तो माझ्याकडे पाहतच राहिला. मोठ्याचे तुकडे भंगारवाल्याने केव्हाच नेले. एव्हाना कुठल्या भट्टीत वितळले असतील. आणि लहान?

त्याने मान खाजवली. “साहेब, रागवू नका. कापाचंच होतं. पण पंखा लावला की माह्ये कागद उडून राहिले होते…” काउंटरवर पावत्यांच्या गठ्ठ्यावर ते बसले होते. काळे, तेलकट, सरळ दातांचे.

मी ते उचलून छातीशी धरले. शर्टाला डाग पडला.

मोठे चाक लहान्याच्या नेमके दुप्पट दातांचे असते. म्हणजे एकावरून दुसरे बनते. नमुन्याअभावी काम अडणार नाही. मी ते अडवायचा पुरेपूर प्रयत्न केला होता.

गुरुवार, ९ जानेवारी

हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये अभिजीत नावाचे तरुण इंजिनियर. चाक पाहून म्हणाले, “काका, सरळ दात नका घेऊ. आवाज करेल. हेलिकल, तिरक्या दातांचं देतो, मस्त सायलेंट.”

“आवाजच हवा आहे.”

“पण तो डिफेक्ट आहे!”

“मला तोच डिफेक्ट हवा आहे. लोखंडाचाच. दातांत फट सोडून.”

ते हसले, मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले. मी सगळे सांगितले. परक्या माणसाला, उभ्या उभ्या. आईला भूक लागत नाही असे नाही, ती वाट पाहते – असे काहीतरी म्हणालो. त्यांनी चाक हातात घेऊन वजन केल्यासारखे केले. “मशीनवर दुसरं काम लागलंय. उतरलं की तुमचंच.”

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. उत्तराने आईच्या जिभेवर तिळगुळाचा कण ठेवला. आईने तो बराच वेळ चघळला. सगळे घर तिच्या तोंडाकडे पाहत होते.

मनकर्णा म्हणाली, “गोड लागलं नं जी? आता गोड बोला, अन् घासभर खा.”

आई गोड बोलली. खाल्ले नाही.

शनिवार, १८ जानेवारी

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल. नाहीतर फार दिवस नाहीत. उत्तरा माझ्याकडे पाहत होती. मी म्हटले, चार दिवस द्या. डॉक्टरांनी विचारले, “चार दिवसांनी काय होणार आहे?”

वर्कशॉपला फोन केला. चाक मशीनवर चढले आहे.

आता मी रोज संध्याकाळी आईपाशी बसतो. गाडी नव्या चाकासाठी पुन्हा श्रावणकडे ठेवली आहे, जायचे कुठे? तिचा हात हातात घेतला की ती म्हणते, “कंपाउंडर, तुम्ही घरी जा. तुमची माणसं थांबली असतील.”

मंगळवार, २१ जानेवारी

दात कापून झाले. भट्टीत तावून कडक करायचे राहिले. अभिजीत म्हणाले, परवा.

बुधवार, २२ जानेवारी

आई सकाळी गेली. मनकर्णा तोंड पुसत होती. हात थांबवून म्हणाली, “साहेब, या जी इकडं.”

गुरुवार, २३ जानेवारी

वर्कशॉपमधून फोन. “काका, तुमचं चाक तयार आहे. एकदम वाजणारं केलंय बघा!”

मी त्यांना सांगितले नाही. आभार मानले. श्रावणच्या गॅरेजला पाठवून द्या म्हटले.

मंगळवार, २८ जानेवारी

घरात माणसे आहेत. सगळे म्हणतात, वय झाले होते, सोने झाले. मी मान हलवतो. स्वीकारार्ह कारण आहे. कोणी विचारले तर मीही तेच सांगेन.

या वहीला तेवढे सांगता येत नाही. श्रावण म्हणाला होता आठ दिवस. नोव्हेंबरमध्ये.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तेरावे आटोपले. पुण्याच्या संग्राहकांचा फोन: इंजिन आता पूर्ण मूळ स्थितीत आहे, तर गाडी घ्यायला ते तयार आहेत. काळजीने ठेवतील. योग्य माणूस आहे.

श्रावणला जाऊन सांगितले. त्याने हिंगण्याचे चाक पुड्यातून काढून बाकावर ठेवले होते. “मंग याचं काय करू? कापू?”

थट्टा नव्हती ती. खरेच विचारत होता.

मी म्हटले, बसवा.

“पुण्यावाले घेणार नाहीत, साहेब. शीळ मारीन हे.”

“माहीत आहे. बसवा.”

रविवार, ९ फेब्रुवारी

आज गाडी आणली. गॅरेजपासूनच शीळ सुरू झाली – तीच, लांबट, वेगाबरोबर चढणारी. चौकात पानवाल्याने मान वर केली. फाटकाशी आलो, इंजिन बंद केले, आणि गाडीतच बसून राहिलो. ऐकणारे कोणी नव्हते. आईच्या खिडकीत अंधार.

मग आतून तवा ठेवल्याचा आवाज आला.

उत्तरा स्वयंपाकघरात पोळी लाटत होती. आजपर्यंत शीळ आबांची होती; मी आत येऊन घसा खाकरला, की मग ती गॅस लावायची. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, आणि हे मला आज दिसले. तिने मागे वळून पाहिले नाही. म्हणाली, “बसा. आज ऐकू आलात.”

काम पूर्ण झाले.

सुमंत विश्वनाथ हरकरे
नागपूर, ९ फेब्रुवारी २०२५